शेवटच्या खोलीतला गाळ

कप बशीवर ठेवताना ताईच्या हातून आवाज झाला. तसा तो काही मोठा आवाज नव्हता. चिनी मातीवर चिनी माती जराशी थरथरावी, एवढाच. दुसऱ्या कुणाच्या हातून झाला असता तर धाकटीचं लक्षही गेलं नसतं. पण ताईच्या हातून आजवर वस्तू वाजलेली नव्हती. भांडी घासताना न वाजवणारी, दार लावलं तर कडीलाही कळू न देणारी, कागद फाडला तरी तो मुकाट फाटावा असे हात असलेली ही बाई. आणि आता बशीवर तो कप थंडीनं दात वाजावेत तसा वाजला, आणि ताईनं दुसरा हात त्यावर ठेवला, कुरकुरणाऱ्या पिलाला गप्प करावं तसा. मग समोरच्या गच्चीकडे बघत ती म्हणाली, की यंदा पारवे फार झालेत. धाकटी म्हणाली, हो, झालेत खरे. गच्चीवर एकही पारवा नव्हता.

घरी जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर आपण मघापासून स्वतःच्याच हातांकडे बघतोय, हे धाकटीच्या ध्यानात आलं. अंगठ्याच्या पेरावर मेण कापायच्या तापल्या सुरीचा जुना चटका होता, आणि नखांच्या कडांना ती गुलाबी भुकटी, जी कितीही घासली तरी पुरती जात नाही. कवळ्यांच्या हिरड्यांचा रंग. ती दात बनवायची. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायचा, तो ठसा तिच्या खोलीत यायचा, ती त्यात प्लास्टर ओतायची, आणि कधीही न पाहिलेल्या माणसाचं तोंड तिच्या टेबलावर उघडं पडायचं. गल्लीत तिला दातवाल्या बाई म्हणत. तिची पन्नाशी उलटून गेली होती, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती, आणि शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला नवरा आता घरातच अक्षांश-रेखांश आखत बसल्यासारखा प्रत्येक वस्तूची जागा ठरवत असायचा. इतकं सगळं होऊनही ती धाकटीच राहिली होती. ताई होती म्हणून ती धाकटी होती. आणि ताईच्या हातांकडे बघून ती आपले हात जोखत आली होती, इतकी वर्षं, की ताईचा हात हलला म्हटल्यावर तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते ताईबद्दलचं काही नव्हतंच. आता मी कशाशी मोजू, असं तिच्या मनात आलं. त्याची तिला लाज वाटली. उतरायचा थांबा गेला तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

ताई संग्रहालयात काम करायची. मागच्या बाजूच्या, उत्तरेकडे खिडक्या असलेल्या खोलीत बसून दगडातून अमोनाइट सोडवायची. सोडवायची हा तिचाच शब्द. कोरते म्हटलेलं तिला खपायचं नाही. कोरायला मी काय मूर्तिकार आहे, म्हणायची, ते आधीच आहे, मी फक्त त्याच्या अंगावरचं काढते. अमोनाइट म्हणजे ऑक्टोपसच्या कुळातला एक समुद्री जीव, पाठीवर गुंडाळलेला शंख घेऊन पोहणारा. कोट्यवधी वर्षं त्यानं समुद्र भरून टाकले होते, आणि मग डायनोसॉर गेले त्या सुमारास तोही गेला, एकही मागे न राहता. राहिले ते शंख. गाळात रुतलेले, गाळाचा दगड झाला तसे त्या दगडात दगड होऊन बसलेले. ताईच्या टेबलावर एखादा गोळा यायचा, बटाट्यासारखा ओबडधोबड, पायानं ठोकरावा असा. काही महिन्यांनी त्याच जागी एक शंख असायचा, मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, एकेक बरगडी उठून आलेली, आणि बघणाऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा शब्दच निघायचा नाही. धाकटीनं कितीकदा पाहिलं होतं हे. तिच्या कवळ्या पाहून लोक म्हणायचे, अगदी खऱ्यासारख्या. ताईचं काम पाहून असं म्हणायची सोय नव्हती.

लहानपणी दोघी सिमेंटच्या कारखान्यामागे राहत. बाबा खडी फोडणाऱ्या यंत्रावर. दोन खोल्या, त्यांवर पत्रा, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. आई वाळत घातलेले कपडे काढताना आधी झटकायची, मग पुन्हा झटकायची, आणि मग धुळीला नाही तर बाबांना बोलायची. दारापुढचा खड्डा बुजवायला एकदा कारखान्याच्या गाडीनं चुन्याच्या दगडाची खडी टाकली, आणि तीत ताईला तिचा पहिला अमोनाइट सापडला. बांगडीपेक्षाही लहान, अर्धा दगडात. मागच्या पायरीवर बसून ती खिळ्यानं आणि आईच्या केसांतल्या पिननं त्याच्या घड्यांमधली माती टोकरत राहिली, किती दिवस कोण जाणे. धाकटी शेजारी उकिडवी बसायची. उन्हात तापलेल्या पायरीचा चटका, पिनेचा करकर आवाज, ताईच्या मानेवरची घामानं चिकटलेली बट, हे सगळं अजून तिच्या अंगात होतं. मला दे ना, एकदाच, ती म्हणाली होती. ताईनं वर न बघता सांगितलं, नको, तू मोडशील. धाकटीनं त्याआधी काही मोडलं नव्हतं. आणि तिची दुसऱ्यांदा मागायची हिंमत झाली नाही.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, ही गोगलगाय. ताईनं दुसरा एक फुटका तुकडा नेला आणि दाखवलं, की याच्या आत भिंती आहेत, गोगलगायीच्या घरात भिंती नसतात. बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या कुठूनसं जाडजूड पुस्तक घेऊन आल्या आणि मधल्या सुट्टीत दोघी डोकी जुळवून बसल्या. संध्याकाळी ताई घरी आली ती वेगळ्याच चालीनं. अंथरुणावर पडल्यावर तिनं धाकटीला सगळं सांगितलं: हा जीव अंड्यातून निघतो तेव्हा मोहरीएवढाही नसतो, पण शंख घेऊनच निघतो. मग तो वाढतो, जागा पुरेनाशी होते. तेव्हा तो शंखाच्या तोंडाशी कड वाढवत पुढे सरकतो आणि पाठीमागे भिंत घालतो. पुन्हा वाढला की पुन्हा पुढे, पुन्हा भिंत. राहायचं नेहमी शेवटच्या खोलीत. आणि मागच्या खोल्या, धाकटीनं विचारलं, त्या रिकाम्याच? रिकाम्या नाही, ताई म्हणाली, त्यांत हवा भरलेली असते, सगळ्या भिंतींमधून एक बारीक नळी मागपर्यंत गेलेली असते, तिच्यातून तो पाणी ओढून काढतो. म्हणून एवढा शंख अंगावर असून बुडत नाही. धाकटीला झोप आली नाही. तिला त्या मागच्या खोल्यांची भीती वाटली होती. ताईला वाटली नव्हती. ती कधीच झोपून गेली होती, एक हात पोटावर, दुसरा उशीखाली, त्या दगडावर.

कपाचा आवाज झाल्याला बरेच आठवडे होऊन गेले, आणि दोघींपैकी कुणी त्याबद्दल बोललं नाही. मग एका सकाळी ताईचा फोन आला, की संग्रहालयात येतेस का. हे नवलच होतं. ताईनं तिला तिथे आजवर बोलावलेलं नव्हतं. धाकटीच जायची, डॉक्टरांची वापरून झालेली, दात कोरायची टोकदार अवजारं रुमालात बांधून, कारण ती ताईला दगड टोकरायला उपयोगी पडत. ती गेली. खोलीत धूळ खेचणाऱ्या नळाची घरघर नव्हती, दिवाही बंद होता. ताई स्टुलावर बसली होती आणि तिचा उजवा हात मांडीवर होता, उताणा, आणि अंगठा तर्जनीवर घासत होता, सारखा, गोळी वळावी तसा. तिनं तो लपवला नाही. कंपवात आहे, ती म्हणाली, डॉक्टरनं सांगितलं. गोळ्यांनी ताब्यात राहील, चालायला-बोलायला इतक्यात काही नाही. फक्त हे. फक्त हे म्हणताना तिनं हाताकडे असं पाहिलं, जणू तो बाहेरगावाहून आलेला आणि जायचं नाव न घेणारा पाहुणा असावा.

टेबलावर वाळूच्या पिशवीवर तो दगड होता. थाळीएवढा. अर्धा शंख बाहेर आलेला, अर्धा अजून कातळात. धाकटी वाकली. तिनं ताईच्या हातचे खूप पाहिले होते, पण हा निराळा होता. याच्या बरगड्या मध्यापासून निघून बाहेरच्या कडेला येईतो दोनदोन होत, आणि दर थोड्या अंतरावर एक काटा, सुईसारखा, तिरका, मोकळा उभा. सतरा-अठरा कोटी वर्षं दगडात दाबून राहूनही न मोडलेला काटा. रंग जळक्या साखरेचा. ताईनं भोवतालचा दगड असा काढला होता, की काट्याखालून प्रकाश जात होता. धाकटीला ठाऊक होतं ते काय काम असतं. मेणातला दात बसवताना श्वास रोखावा लागतो. इथे ताईनं वर्षभर रोखला असणार. तिला एकदम ताईचा हेवा वाटला, जुना, ओळखीचा, आणि त्याच्या पाठोपाठ इतकी माया आली की ती कुठे ठेवावी ते तिला कळेना. तिनं चष्मा पुसला.

"उरलेला तू सोडव," ताई म्हणाली.

धाकटी हसली. ताई हसली नाही. म्हणाली की तिनं पुष्कळ विचार केलाय. खात्यात दुसरं कुणी नाही. दुसऱ्या शहरातले दोघे-तिघे आहेत, चांगले आहेत, पण तिकडे नेताना वाटेतच काटे जातील. असाच अर्धा ठेवला तर उघडा पडलेला भाग हवेनं खराब होत जाईल. आणि तुझा हात मला माहीत आहे. धाकटी म्हणाली, तुला माझा हात कधीपासून माहीत झाला? ताई म्हणाली, आईची कवळी. आई शेवटची दोन वर्षं तुझ्या कवळीनं जेवली. एकदा ती धुताना मी भिंगाखाली पाहिली होती. मागच्या दाढेच्या, कुणाला दिसणारही नाहीत अशा बाजूला तू खाचा घातल्या होत्यास, झिजलेल्या, तिच्या खऱ्या दातांवर होत्या तशा. धाकटीला ते आठवत होतं. तिनं त्या खाचा कुणासाठी घातल्या होत्या, हे मात्र तिनं आजवर स्वतःलाही विचारलं नव्हतं.

तिनं एक अट घातली. आधी संचालकांना सांगायचं, सगळं, हाताचंही. ताईनं मान फिरवली. ती म्हणाली, की एकदा सांगितलं की मी आजारी बाई होते. आज निदान ही खोली माझी आहे. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. धाकटी म्हणाली, चोरून मी हात लावणार नाही, मोडला तर तुझ्या नावावर मोडेल. खिडकीबाहेर कुणीतरी लोखंडी शिडी ओढत नेत होतं, आणि तो खरखराट संपेपर्यंत ताई तिकडेच बघत राहिली. मग ताई उठली, झब्ब्यावरची धूळ झटकली, आणि एकटीच संचालकांच्या खोलीकडे गेली. ती परत येईपर्यंत धाकटी त्या शंखाकडे बघत बसली. मधे, अगदी आत, वाटाण्याएवढ्या जागेत त्याचं सगळं बालपण होतं. इतके बारीक वळसे, की नजर त्यांवरून घसरायची.

संचालक हे सतत खोकल्याच्या गोळ्या चघळणारे, हळव्या मनाचे, आणि आपण हळवे आहोत हे लपवायला फार कामकाजी बोलणारे गृहस्थ होते. ते ताईबरोबरच आले. त्यांनी धाकटीला ताईच्या हाताबद्दल एक अक्षर विचारलं नाही. खिशातून साधासा, भंगारातला एक गोळा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, बाई सांगतात तर प्रश्नच नाही, पण माझ्या मनाच्या समाधानासाठी आधी हा करून दाखवा. आणि दारातून मागे वळून, कुणाकडेच न बघता म्हणाले, की ही खोली बाईंचीच आहे, त्याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये.

भंगारातल्या त्या गोळ्यावर धाकटीनं खूप काही शिकून घेतलं आणि त्याची वाट लावली. हवेवर चालणारी ती सुई, पेनासारखी धरायची, टकटकत दगडाचे कण उडवायची. दाताच्या यंत्राची सवय असलेला तिचा हात ती दाबत राहायचा. दाबू नकोस, ताई शेजारून सांगायची, ती जाते तिथे तू जा. दगड आणि शंख यांच्या मध्ये एक सांधा असतो, केसाहून बारीक. सुई त्याच्याजवळ आली की आवाज बदलतो. भरीव ठक असतं, त्याचं किंचित पोकळ होतं. ताई डोळे मिटून बसायची आणि आवाजावरून सांगायची: थांब, आता वर, आता आडवी धर. धाकटीला पहिल्यांदा काहीच ऐकू यायचं नाही. आणि मग एका दुपारी तिला तो आवाज आला. नुसता कानात नाही, बोटाच्या पेरात, मनगटातून कोपरापर्यंत, आणि त्याच क्षणी दगडाची एक पापडी आपण होऊन सुटली, आणि खाली बरगडी होती, ओली असल्यासारखी चमकणारी. तिनं सुई बाजूला ठेवली. सूर्यानं ती बरगडी शेवटची पाहिली तेव्हा जगात एक फूल नव्हतं, निदान तिच्या नवऱ्याचं पुस्तक तसं म्हणत होतं. तेव्हापासून हिच्यावर उजेड पडला नव्हता, आणि तो पाडणारा हात आपला. तिला वाटलं की ताई रोज असं जगत आली. इतकी वर्षं, रोज. आणि संध्याकाळी घरी येऊन दुधाबद्दल नि पारव्यांबद्दल बोलत आली.

मोठ्या दगडाला तिनं हात घातला तेव्हा दिवस लहान व्हायला लागले होते. सकाळी कवळ्या, दुपारनंतर अमोनाइट. नवरा म्हणायचा, आमच्या घरात आता जिवंत माणसांपेक्षा दगडाला भाव आहे. पण डबा तोच भरून द्यायचा, आणि संध्याकाळी तिच्या केसांतली भुकटी बघून, आज कितवा काटा, असं दारातच विचारायचा. एकेक काटा म्हणजे कित्येक दिवस. त्या दिवसांत ती आणि ताई जितकं बोलल्या तितकं आधीच्या सगळ्या आयुष्यात बोलल्या नसतील, आणि ते सगळं त्या जिवाबद्दल होतं. त्याला हात किती होते? ठाऊक नाही. मऊ भाग गाळात टिकत नाहीत, फारच क्वचित सापडतात. डोळे? असणार, आणि चांगले असणार. त्याची चोच पोपटासारखी होती, जबडे कधी कधी शंखाच्या शेवटच्या खोलीत सापडतात. एवढे काटे अंगावर घेऊन तो पोहायचा कसा? सावकाश, ताई म्हणाली, त्याला कुठे पोचायचं होतं? तिच्या बोलण्यात त्या जिवाबद्दल एक आदर असायचा, घरातल्या कर्त्या माणसाबद्दल असावा तसा. मागे भिंत घालताना तो ती सरळ घालत नसे, ती म्हणायची; कडेला तिला घड्या पाडायचा, फर्नच्या पानासारख्या. जिथे वरचा पापुद्रा गेलाय तिथे दिसतात बघ. धाकटीनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. रेषा पानासारख्या फाटत, फाट्यांना फाटे फुटत, पुन्हा जुळत गेल्या होत्या, आणि पुढच्या भिंतीची रेषा तशीच, आणि तिच्या पुढची. कुणी दिवा धरला नव्हता, कुणी वाहवा म्हणणार नव्हतं. त्यानं ते आपल्या पाठीमागे, अंधारात, न बघता केलं होतं. ती बराच वेळ डोळा तिथून हलवू शकली नाही. एकदा तिनं हातातली सुई न थांबवता विचारलं, पायरीवर तू मला दगड दिला नाहीस, आठवतं? ताई म्हणाली, आठवतं. तुला राग होता? होता. अजून आहे? थोडा आहे. असू दे, ताई म्हणाली, त्यानं तुझा हात जपून चालतोय.

आणि मग तो दिवस, ज्या दिवशी बरगडी वाकडी निघाली. बाहेरच्या वळशावर, तोंडाकडे येता येता, एकामागून एक सारख्या आलेल्या बरगड्यांमध्ये एकदम खोबण होती, कातरल्यासारखी, आणि तिच्यापुढची बरगडी पिळवटलेली. सुई थांबवली तरी ती हातात गुणगुणत असल्यासारखी वाटत राहिली. ताई तेव्हा खिडकीशी उभी राहून गोळी घेत होती. आपण मोडलं. हे दोन शब्द तिच्या डोक्यात असे स्वच्छ आले, जणू ते इतकी वर्षं तिथेच तयार उभे असावेत. एखाद्या क्षणासाठी तिला असंही वाटलं, की थोडा राळेचा थेंब, थोडी भुकटी, आणि हे बुजवता येईल. दातांच्या कामात असं किती बुजवलं होतं तिनं, ते कामच होतं. मग ती म्हणाली, ताई, इकडे ये. माझ्या हातून काहीतरी झालं.

ताई आली. तिनं डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला आणि तर्जनी त्या खोबणीत ठेवली. बोट थरथरत होतं, तरी ते शंखावरून सुटलं नाही. पुढच्या बरगडीवर गेलं, मग त्यापुढच्या, मग पुन्हा मागे. धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघायला धजली नाही. शेवटी ताई म्हणाली, "तू नाही. हे तो जिवंत असताना झालंय."

कुणीतरी त्याला चावलं होतं. मासा असेल, खेकड्यासारखं काही असेल, किंवा त्याच्याच भाऊबंदांपैकी कुणी. तेव्हा शंखाचं तोंड इथवर होतं, आणि त्या तोंडाच्या कडेचा लचका तुटला होता. तो सुटला. कसा सुटला ते सांगायला कुणी नाही. सुटल्यावर त्यानं फुटक्या कडेपासून पुन्हा शंख बांधायला घेतला. पहिली बरगडी वेडीवाकडी आली, दुसरी तिरकी, तिसरीचा काटा खुजा, आणि मग हळूहळू, बघ, ताई म्हणाली, इथपर्यंत ये, इथे कळतं तरी का काही? धाकटीनं बघितलं. कळत नव्हतं. बरगड्या पुन्हा तशाच दोनदोन होत, काटे पुन्हा तसेच तिरके, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ती काहीतरी बोलायला गेली, पण ताईनं तिला बोलू दिलं नाही. "माझं नि त्याचं नातं लावू नकोस," ती म्हणाली, "त्याला कंपवात नव्हता. त्याला चावलं होतं." आणि मग ती स्वतःच हसायला लागली, इतकी, की तिला स्टुलावर बसावं लागलं. दोघी हसत राहिल्या. बाहेरून जाणारे संचालक दार ढकलून आत डोकावले, काय झालं ते त्यांना कळेना, आणि ताईनं दाखवल्यावर तेही वाकले आणि त्यांचं गोळी चघळणं थांबलं.

आता फक्त तोंड उरलं. शंखाची शेवटची कड निघाली ती कागदाइतकी पातळ होती आणि अखंड होती, दोन्ही बाजूंना जिभेसारखी पुढे आलेली. असं अखंड तोंड फार कमी मिळतं. आणि त्या तोंडात, शेवटच्या खोलीत, जिथे तो राहायचा तिथे, गाळाचा दगड ठासून भरलेला होता. ताई त्या दिवसापासून स्वस्थ बसेना. ती काही म्हणाली नाही, पण धाकटीला तिचं न म्हणणं वाचता येत होतं: या जातीच्या अमोनाइटचे जबडे अजून कुणी पाहिले नव्हते. त्या गाळाच्या पृष्ठभागावर एका बाजूला काळसर डाग होता, नखाएवढा. जबड्याची कड असेल, किंवा नुसता डाग असेल. आत शिरायचं तर त्या पातळ कडेला लागूनच शिरायला हवं. यंत्रानं आतलं चित्र घेण्याचा प्रयत्न संचालकांनी करून पाहिला होता. त्यात दगड आणि शंख सारखेच करडे आले होते.

"ठरव तू," ताई म्हणाली. "काम तुझं आहे." आणि तिनं पिशवी उचलली, आणि पाय मोकळे करायला जाते म्हणून निघूनही गेली. दोघींनाही ठाऊक होतं की तिला पाय मोकळे करायचे नव्हते. ती समोर असती तर धाकटीनं तिच्या तोंडाकडे बघून ठरवलं असतं.

खोलीत धाकटी एकटी राहिली. दुपारचा उजेड काट्यांवर होता. तिला उघडायचं होतं. फार उघडायचं होतं, आणि स्वतःसाठी नव्हे. ताईनं आयुष्यभर ज्या जिवाची घरं मोकळी केली त्याचं तोंड तिला एकदा दिसावं, अजून डोळे चांगले आहेत, अजून ती स्टुलावर ताठ बसते, तोवर. असं काही कुणाला देता येईल अशी संधी धाकटीला कधी मिळाली नव्हती. तिनं सुई उचलली. हात पक्का होता, तिचा तिलाच नवल वाटण्याइतका. तिनं टोक काळसर डागाशी नेलं आणि हवा सुरू न करता नुसतं टेकवलं. आणि मग, पुष्कळ वेळानं, तिला कळलं की आपण आवाजाची वाट बघतोय, आणि तो इथे येणार नाही. कडेचा पापुद्रा इतका पातळ होता की तो गेल्यावरच कळलं असतं. शंभरातल्या एखाद्या वेळी निभावेल. ताईला द्यायचं म्हणून मी यातलं काय पणाला लावतेय, तिनं स्वतःला विचारलं, आणि ते माझं तरी आहे का? कुणी चावल्यावरही त्यानं पुन्हा बांधलेली कड ही. तिनं सुई खाली ठेवली. कुंचल्यानं कडेवरची भुकटी झाडली, राळेचा पातळ हात दिला, आणि तो वाळेपर्यंत हात मांडीवर घेऊन बसली.

ताई परत आली तेव्हा संचालकही मागोमाग आले. दोघं टेबलाशी उभे राहिले. तोंडातला गाळ जसाच्या तसा होता. ताईच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि ते धाकटीनं पाहिलं, आणि ताईनं तिला पाहू दिलं.

"मीही हेच केलं असतं," ताई म्हणाली. "पण मला वाईट वाटतंय. थोडा वेळ वाटू दे."

धाकटीनं मान हलवली. संचालकांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या सवयीनं ताईला विचारलं, झालं म्हणायचं का, बाई? ताई बाजूला सरली, खिडकीपर्यंत गेली, आणि टेबलापाशी धाकटी एकटी उभी राहिली. संचालक मग तिच्याकडे वळले. तिनं शंखावरून एकदा शेवटची नजर फिरवली, मधल्या वाटाण्याएवढ्या जागेपासून सुरू करून, वळशावळशानं बाहेर, काट्यांवरून, वाकड्या बरगडीवरून, सरळ झालेल्या बरगड्यांवरून, त्या पातळ कडेपर्यंत. घाई नव्हती. कुणी तिला घाई करत नव्हतं.

"झालं," ती म्हणाली.